बासष्टावं टेबल

फोनवर बायकांच्या वॉर्डातली सिस्टर हसत होती, म्हणून पहिल्या क्षणी तिलाही हसूच आलं. "ताई, आमच्या सात नंबरच्या आजींना तुम्ही परत बोलावून घेतलंत का? काल दुपारी मुलगा येऊन घेऊन गेला त्यांना. तुमच्या पत्रकात अजून झोपल्यात त्या." ती म्हणाली, बघते हं, कुणीतरी घरी सोडल्याची नोंद करायला विसरलं असेल. सिस्टर म्हणाली, "नाही हो, आठ नंबरही कालचाच आहे. नऊही. वर तारीख तेवढी आजची." तारीख आजची, हे ऐकताना तिच्या हातातल्या रिसीव्हरचं वजन एकदम वाढलं. समोरच्या भिंतीवर नऊ वाजून छत्तीस मिनिटं झाली होती.

इस्पितळाच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला लागून, तिचं ऑफिस. खिडकी नाही. दोन कॉम्प्युटर, एक लोखंडी कपाट. रोज सकाळी साडेआठला इथून चौदा वॉर्डांच्या प्रिंटरवर एक पत्रक जायचं. खाट नंबर, बारीक अक्षरात नाव, आणि शेवटच्या रकान्यात जाड अक्षरात, या माणसाला काय द्यायचं नाही. नाव त्यातलं फारसं कुणी वाचत नसे. खाट बघायची, शेवटचा रकाना बघायचा, आणि दहाच्या राउंडला औषधं द्यायची, असा सगळ्यांचा हात बसला होता. रुग्णाची माहिती इस्पितळात विखुरलेली असते. कॉम्प्युटरमधल्या एका टेबलात, म्हणजे तक्त्यात, रक्त, दात दुसऱ्यात, हृदय तिसऱ्यात. प्रत्येक विभाग आपापलं टेबल कडीकुलपात ठेवल्यासारखं ठेवतो. ही सगळी टेबलं रुग्णाच्या नंबरावर एकमेकांना जोडून, एका दमात, एका माणसाची एक ओळ काढायची, हे तिचं काम. नऊ वर्षांत त्या एका क्वेरीत, मशीनला विचारलेल्या त्या एका लांबलचक प्रश्नात, तिने एकेक टेबल जोडत नेलं होतं. काल संध्याकाळी आणखी एक जोडलं.

तिने मशीनच्या नोंदींचा लॉग उघडला. लाल ओळ एकच होती. टेबलं फार झाली. एका जोडणीत जास्तीत जास्त एकसष्ट. म्हणजे कालचं ते बासष्टावं. मशीनने क्वेरी वाचली, मोजली आणि हात वर केले. आणि मग तिने स्वतःच सहा वर्षांपूर्वी लिहून ठेवलेली ती दुसरी सूचना चालली होती: आजचं पत्रक तयार झालं नाही तर शेवटचं तयार असलेलं पाठव. तेव्हा एका सकाळी वॉर्डांत कोरे कागद गेले होते, इस्पितळाच्या प्रमुखांनी सगळ्यांसमोर तिला झापलं होतं, आणि तिने विचार केला होता, कोऱ्यापेक्षा जुनं बरं. तारीख प्रिंट होताना आपोआप पडायची. त्यामुळे कालचीच माणसं आजची तारीख लावून हजेरी दिल्यासारखी वॉर्डावॉर्डांत जाऊन बसली होती.

एकसष्टची हद्द तिला माहीत नव्हती असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण गुरुजींनी सांगितलं होतं. गुरुजी म्हणजे तिच्या आधी या खुर्चीवर बसणारे, तिला हे काम शिकवणारे. जायच्या आदल्या आठवड्यात त्यांनी तिची क्वेरी चष्मा कपाळावर चढवून वाचली होती. "सगळं एका दमात कशाला? थोडी टेबलं आधी जोड, आलेलं एका तात्पुरत्या टेबलात ठेव, मग पुढची जोड. याला हद्द असते बाई. एकसष्ट." तेव्हा तिची नऊ टेबलं होती, एकसष्ट हा आकडा तिला स्वतःच्या साठीइतका लांब वाटला होता. आणि खरं सांगायचं तर तिला ते लागलं होतं. एका दमात, हेच तर तिचं होतं. एवढ्या मोठ्या इस्पितळात, जिथे शेजारच्या खोलीतला माणूस शेजारच्याला विचारत नाही, तिथे एक जागा अशी होती की जिथे सगळे एका वाक्यात उभे होते, आणि ते वाक्य तिने लिहिलं होतं. काल संध्याकाळी ते पूर्ण चालवून पाहिलं असतं तर दोन सेकंदांत कळलं असतं. पण पूर्ण चालवलं की चार-पाच मिनिटं सगळी मशीनं जड होतात, लॅबवाले खाली फोन करून ओरडतात. तिने नवा तुकडा तेवढा वेगळा चालवून पाहिला, बरोबर आला, जोडला आणि पर्स उचलून निघाली.

नऊ एक्केचाळीस. दहाला राउंड. टेलिफोन तिच्या कोपरापाशी होता. नंतर कितीतरी दिवस तिने हे अंतर मनात मोजलं. वीतभर, वीतभरही नाही. पण त्या क्षणी तिला फोन दिसला नाही, स्क्रीन दिसला. तिला वाटलं, एक टेबल काढायचं, चालवायचं, पाच मिनिटं, छापायचं. दहाच्या आत सगळं जागच्या जागी. आज बाहेरची समिती तपासणीला येणार होती, प्रमुख सकाळपासून नवा शर्ट घालून जिने चढउतर करत होते. कुणाला कळायचंही नाही. हे शेवटचं वाक्य तिच्या मनात इतक्या हळूच येऊन बसलं की ते आल्याचं तिला जाणवलंच नाही.

काढायचं म्हटलं तर कालचंच काढणं सोपं. पण कालचं टेबल किडनीच्या नव्या विभागाचं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाई तीन आठवडे मागे लागल्या होत्या: आमचे रुग्ण इतर वॉर्डांत दाखल होतात आणि तिथे कुणाला पत्ता नसतो. आणि नेमकं किडनीचंच टेबल उपटून टाकायला तिचा हात होईना. किडनी म्हणजे काय ते तिला बाबांमुळे कळलं होतं, नऊ वर्षांपूर्वी, याच इमारतीत. साधा ताप, मग छातीत संसर्ग, मग दहा दिवस इंजेक्शनं. किडनी मंद झाल्याचा रिपोर्ट लॅबच्या टेबलात पडून होता आणि वॉर्डाचं टेबल वेगळं होतं. औषध शरीराबाहेर पडेना, साठत गेलं, कानांवर उतरलं. बसमध्ये तीस वर्षं कंडक्टरकी केलेला माणूस. नुसत्या आवाजावरून कोण कुठे उतरणार ते सांगायचा. अकराव्या दिवशी त्याने लेकीला विचारलं, "तू नुसती तोंड का हलवतेयस?" त्यानंतर महिन्याभराने तिने पहिली तीन टेबलं जोडली होती. वॉर्ड, लॅब, औषधं.

म्हणून दुसरं कुठलं तरी. ती वरून खाली वाचत गेली. डोळ्यांचा विभाग: काचबिंदू असलेल्या एका बाईंना चुकीची गोळी जाता जाता वाचली, ती ही ओळ. दातांचा: रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या माणसाची दाढ काढली, दोन दिवस रक्त थांबलं नाही, ती ही ओळ. त्वचेचा, पण तिथेच तर लोकांची ॲलर्जी कळते. बाळंतपणाचा, छे. फिट येणाऱ्यांचा; नाही. प्रत्येक ओळीमागून कुणीतरी मान वर करून बघत होतं. माउसवरचा हात ओला झाला होता, तो तिने दोनदा साडीला पुसला. शेजारी एक्स-रेवाला कुणाला तरी ओरडून सांगत होता, श्वास रोखा, रोखा, सोडा. चव्वेचाळीसावं टेबल परदेशी जाणाऱ्यांच्या लसींचं होतं. दोन वर्षांत तिथून एकही ओळ आली नव्हती. हे. तरीही ती तिथे थांबली. समजा आजच आली तर? मग ओळ पुसली आणि घड्याळ पाहिलं. नऊ एकोणपन्नास. आठ मिनिटं नुसती वाचण्यात गेली होती.

क्वेरी चालू झाली. या खेपेला मशीनने हात वर केले नाहीत. पण एकसष्ट टेबलं म्हणजे कुणाला आधी जोडायचं, कुणाला नंतर, हेच मशीनला ठरवत बसावं लागतं. आणि सकाळची वेळ, लॅबचे रिपोर्ट, बाहेरच्या रुग्णांची रांग, सगळे त्याच मशीनवर. पडद्यावरचं गोल चक्र फिरत राहिलं. नऊ बावन्न. त्रेपन्न. चक्राकडे बघता बघता तिला अचानक वरचा एखादा वॉर्ड दिसला. ट्रॉलीची चाकं, स्टीलचा ट्रे, सुई वर धरून एक थेंब उडवणारा हात. आणि हे आत्ता, याच मिनिटाला, कुठेतरी चालू असेल. तिने रिसीव्हर उचलला.

"सगळ्या वॉर्डांना सांगा, दहाचा राउंड थांबवा. पत्रक चुकलंय."

टेलिफोनवाली म्हणाली, "कुणाच्या ऑर्डरने, ताई? प्रमुख समितीबरोबर गेटवर आहेत."

"माझ्या."

"तुमच्या म्हणजे... स्पीकरवर सांगू? समिती ऐकेल हो."

"ऐकू दे. सांगा आधी."

स्पीकरवरचा आवाज खरखरत सुरू होईपर्यंत ती जिन्यात पोचली होती. पुरुषांचा वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर. तिथेच का धावली हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पण पाय ठाऊक असल्यासारखे गेले. काल किडनीच्या डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या होत्या, आज आमचा एकजण गेलाय पुरुषांच्या वॉर्डात, अकरा नंबरच्या खाटेला, बरं झालं तुमचं काम झालं ते.

वॉर्डात सगळं चकचकीत होतं. चादरी ताणलेल्या, खाटांखालच्या चपला एका रेषेत. मोठी सिस्टर ट्रॉलीपाशी उभी होती आणि स्पीकरकडे मान वर करून ऐकत होती. समिती यायच्या आत उरकावं म्हणून तिने पावणेदहालाच सुरुवात केली होती. "बारा नंबरकडे निघाले होते," ती म्हणाली.

"अकराला काय दिलंत?"

सिस्टरने रिकामी बाटली उचलून दाखवली. नाव वाचायची गरज नव्हती. त्या बाटलीचं निळं झाकण ती नऊ वर्षं ओळखत होती.

"कधी?"

"आत्ता. दोन-तीन मिनिटं झाली." मग सिस्टरने पत्रक तिच्यापुढे धरलं. अकरा नंबरसमोरचा रकाना रिकामा होता. कालच्या अकरा नंबरचा, जो धडधाकट होऊन घरी गेला होता. "कागदात काही नव्हतं ताई," सिस्टर म्हणाली. आवाजात आरोप नव्हता, उलट समजूत होती, आणि तीच तिला सहन होईना. दोन-तीन मिनिटं. मग चव्वेचाळीसाव्या ओळीपाशी ती थांबली होती तेव्हा ट्रॉली कुठे असेल? सातला? आठला?

अकरा नंबरवर पन्नाशीचा एक रंगारी होता. नखांच्या कडांना पिवळा रंग अजून तसाच. तो उशीला टेकून बसला होता आणि दोन बायका आपल्याकडे अशा का बघतायत म्हणून चेहऱ्यावर एक ओशाळं हसू घेऊन तो त्यांच्याकडे बघत होता.

वॉर्डाचा डॉक्टर आला, तरुण, झोप न झालेला. त्याने रक्त काढायला लावलं, सलाइन वाढवलं, पुढचे डोस फुलीने कापले. मग तिला व्हरांड्यात घेऊन म्हणाला, "एकच डोस आहे. बहुतेक काही व्हायचं नाही. पण यांची किडनी तीस टक्क्यांवर आहे, म्हणून बहुतेकच म्हणतो. कान आज तपासू, आठवड्याने परत तपासू." बाकीच्या दहा खाटांचं त्याने स्वतः बघितलं; कुणाला काही चुकीचं गेलं नव्हतं. इतर वॉर्ड स्पीकरमुळे थांबले होते.

ती खाली आली. चक्र अजून फिरत होतं. तिने ते बंद केलं आणि गुरुजींनी सांगितलेलं केलं. आधी वीस टेबलं, आलेल्या ओळी तात्पुरत्या टेबलात, मग वीस, मग उरलेली, लसींचं आणि किडनीचंही. लिहायला बारा मिनिटं लागली. चालायला चाळीस सेकंद. आकडा तिने दोनदा वाचला. चाळीस सेकंद. म्हणजे काल, परवा, गेल्या वर्षी, केव्हाही हे बारा मिनिटांचं काम होतं. साडेदहाला चौदा प्रिंटर पुन्हा वाजले.

समिती गेल्यावर प्रमुख आले, दार लोटून घेतलं. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. "तांत्रिक बिघाड, वेळीच लक्षात आला, असं लिहा," ते म्हणाले. "आणि पेशंटला आत्ता काही सांगायचं नाही. होणार नसलेल्या गोष्टीची भीती कशाला घालायची?"

"झालं तर?"

"झालं तर तेव्हा बघू."

"बिघाड नव्हता सर. मशीनने बरोबर नकार दिला. चूक माझी. आणि कळल्यापासून अठरा मिनिटं मी फोन केला नाही."

"हे अठरा मिनिटांचं तुम्हाला कुणी विचारलं होतं का?" प्रमुख म्हणाले. तिने ते लिहिलं. नऊ छत्तीस, नऊ चोपन्न, हे दोन आकडेही.

प्रमुखांनी नको म्हटलं होतं तरी दुपारी वॉर्डाचा डॉक्टर रंगाऱ्याला सांगायला गेला तेव्हा ती बरोबर गेली. खाटेपाशी त्याची मुलगी बसली होती, चोवीस-पंचवीसची, कामावरून तशीच आलेली, गळ्यात ओळखपत्र. डॉक्टरने सांगितलं. रंगारी म्हणाला, "म्हणजे बहिरा होईन? एका कानाने का दोन्ही? एकच होणार असेल तर मुकादमाच्या बाजूचा होऊ दे." आणि तोच हसला. मुलगी हसली नाही. ती सरळ हिच्याकडे वळली. "तुम्ही बनवता तो कागद?"

"हो."

"मग तो असतो कशाला?"

उत्तर तोंडाशी आलं होतं. माझे वडीलही, असं ते सुरू होणार होतं. तिने ते गिळलं. ते सांगणं म्हणजे या मुलीपुढे हात पसरणं झालं असतं. "चुकलं माझं," ती म्हणाली. "मला कळल्यावर लगेच फोन करायला हवा होता. मी आधी दुरुस्त करत बसले." मुलीने तोंड फिरवलं आणि बापाच्या पायावरची चादर उगाचच नीट करू लागली.

घरी बाबा जेवणाच्या टेबलाशी शेंगा सोलत होते. त्यांच्याशी बोलायची वही तिथेच पडलेली असायची, पेन्सिल दोऱ्याने बांधलेली. तिने पदर खोचला नाही, हातपाय धुतले नाहीत, वही ओढली आणि लिहीत गेली. दीड पान झालं. शेवटी लिहिलं, तुमच्यासारखंच झालं. मी तुमच्यामुळे हे सगळं केलं आणि तेच झालं.

बाबांनी चष्मा लावून सावकाश वाचलं. ते बोलत तेव्हा आवाज नेहमी खोलीपेक्षा मोठा लागायचा. आज मात्र अंदाजाने हळू बोलले. "मला विचारलं होतं तिनं. तेव्हाच्या नर्सनं. लघवीचा काही त्रास, किडनीचं काही, कुणी सांगितलंय का, म्हणून."

तिने पेन्सिल खाली ठेवली.

"मी नाही म्हणालो. आधी एका डॉक्टरनं सांगितलं होतं, किडनी जपा. पण हो म्हटलं असतं तर आणखी तपासण्या, आणखी चार दिवस. मला घरी यायचं होतं. तुझी आई एकटी होती." त्यांनी एक शेंग उचलली, तशीच ठेवली. "तू सगळीकडे सांगत सुटलीस, कागदाने घात केला. मला बरं वाटत होतं ऐकायला. म्हणजे, वाचायला."

नऊ वर्षं. तिला राग यायला हवा होता, आणि तो कुठे आहे ते ती आत शोधत राहिली. लॅबमध्ये रिपोर्ट होता हे खरंच होतं. वॉर्डाला तो दिसला नाही हेही खरंच. पण त्याच्या शेजारी आता एक म्हातारा खाटेवर बसून, घरी जायच्या घाईत, नाही म्हणत होता, आणि त्याला कुठल्या टेबलात शोधायचं? तिने वही पुढे ओढली, पेन्सिल धरली. बाबांनी हात पुढे करून वही मिटली. "त्याला घरी कोण आहे?" त्यांनी विचारलं. मुलगी, ती ओठांनी म्हणाली. त्यांना कळलं.

त्या आठवड्यात तिने जुनं पत्रक पाठवणारी सूचना काढून टाकली. आता चुकलं तर कोरा कागद जाणार होता, वर मोठ्या अक्षरात, रुग्णाला विचारा. आणि नाव खाटेच्या नंबराएवढं मोठं केलं. तिला लेखी ताकीद मिळाली. ती तिने घडी घालून कपाटात ठेवली. रात्री नव्हे, भर दिवसा, जेवताना, जिना चढताना तिच्या कानात बारीक शिट्टी वाजायची. ती थांबून ऐकायची, शिट्टी आपल्या कानातली की रंगाऱ्याच्या हे कळायचं नाही.

आठव्या दिवशी कानाच्या विभागात ती न बोलावता गेली. काचेपलीकडच्या बंद खोलीत रंगारी मोठे हेडफोन लावून बसला होता. आवाज आला की हात वर करायचा. काचेच्या अलीकडे मशीनवर कानाची तंत्रज्ञ बाई, मागे मुलगी, आणि दाराशी ती. रंगारी सुरुवातीलाच भराभर हात वर करू लागला. तंत्रज्ञ बाईंनी माइक दाबला. "काका, मी अजून वाजवलंच नाहीये." काचेमागे तो ओशाळला. पुन्हा सुरुवात झाली. जाड आवाज, हात वर. मधले, हात वर. मग बारीक, सगळ्यात आधी जातात ते. बाईंनी बटण दाबलं. हात मांडीवरच. पुन्हा दाबलं, थोडं मोठं. रंगाऱ्याने डोळे मिटले होते. बोटं हलली, थांबली. आपण श्वास रोखून धरलाय हे तिला छातीत दुखायला लागल्यावर कळलं. मग पिवळ्या नखांचा तो हात सावकाश, अर्धवट, जरा साशंकपणे वर आला.

"वयाच्या मानाने ठीक आहे," बाई कागदावर टिंब काढत म्हणाल्या. "आठवड्यापूर्वी होतं तेवढंच आहे, कमी झालेलं नाही. पण हे औषध उशिराही दाखवतं. आणखी दोन आठवड्यांनी परत बघू."

मुलगी वळली. हिला दाराशी बघून आश्चर्य वाटल्याचं तिने दाखवलं नाही. पर्समधून पेन काढलं, तारीख विचारली, तळहातावर लिहिली. मग हिच्यासमोर येऊन उभी राहिली. चेहरा सैल झालेला नव्हता.

"मंगळवार आहे," मुलगी म्हणाली. "अकरा वाजता. मला त्या दिवशी सुट्टी नाही मिळायची. तुम्ही याल त्यांच्याबरोबर?"